गीझरची निगा आणि पाण्याचा जोर: आधी मोजा, मग पाना लावा

गरम पाण्याची धार बारीक झाली की पहिला संशय गीझरवर जातो. नवा गीझर बसतो आणि धार होती तशीच राहते. साठवणीचा गीझर पाणी ढकलत नाही, तो फक्त तापवतो. मागून गार पाणी जेवढ्या जोराने आत शिरेल, तेवढंच गरम पाणी पुढून बाहेर पडेल. म्हणून गीझरची निगा आणि घरातल्या पाण्याचा जोर ही दोन कामं वेगळी धरू नयेत. सुरुवात मोजण्यापासून करावी.

बादली आणि घड्याळ

१० लिटरची बादली घ्या. गीझर बंद ठेवून बाथरूममधला गार नळ पूर्ण उघडा आणि बादली किती सेकंदांत भरते ते पाहा. मग त्याच नळाची गरम बाजू तशीच मोजा. ६० ते ७५ सेकंद लागले तर मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी येतंय, म्हणजे उत्तम. दोन मिनिटं लागली तर मिनिटाला ५ लिटर. बादलीने अंघोळ करणाऱ्याचं तेवढ्यावर भागतं, पण शॉवर रडत चालतो.

या दोन आकड्यांवरूनच अर्धं निदान होतं. गार जोरात आणि गरम बारीक असेल तर अडथळा गीझरच्या अँगल कॉकपासून (गार पाण्याच्या लाईनवरचा छोटा कॉक) मिक्सरपर्यंतच्या (गार-गरम एकत्र करणारा नळ) टप्प्यात आहे. एकाच नळाला दोन्ही बारीक असतील तर आधी त्या नळाच्या तोंडाची जाळी काढून पाहा. ती हाताने किंवा नाण्याने फिरवून निघते आणि वाळूचे कण, टेफ्लॉनचे तुकडे, क्षाराचे पापुद्रे बहुतेक वेळा तिथेच अडकलेले सापडतात. सगळ्या घरातच बारीक येत असेल तर गीझरला हात लावू नका, दोष गच्चीवर शोधा. आणि फक्त सकाळी सात ते नऊच्या दरम्यान बारीक येत असेल, तर एकाच उतरत्या पाइपावर सगळी इमारत एका वेळी अंघोळ करते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

प्रेशर वेगळं, धार वेगळी

ही गफलत प्लंबरकडूनही होते. नळ बंद असताना पाइपात जो दाब असतो तो टाकीच्या उंचीवर ठरतो. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार, म्हणजे आपल्या बोलीत १ किलो. एक मजला ३ मीटर धरला, तर सात मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर २ किलोच्या आसपास दाब मिळतो. सगळ्यात वरच्या फ्लॅटमध्ये चित्र अगदी उलटं असतं. शॉवर जमिनीपासून २ मीटरवर, छत पावणेतीन-तीन मीटरवर आणि टाकी थेट गच्चीच्या स्लॅबवर ठेवलेली. टाकीतलं पाणी धरूनही उंची जेमतेम २ मीटर भरते, म्हणजे ०.२ किलो. छताएवढा मोठा रेन शॉवर साधारण १ किलो मागतो. तो वरच्या मजल्यावर नुसत्या टाकीवर कधीच चालणार नाही, मग तो कितीही महाग असो. विकत घेण्याआधी हा हिशेब करा.

धार मात्र पाइप किती मोकळा आहे यावर ठरते. नळाला लावायचं ० ते ७ किलोचं गोल प्रेशर गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ते एका नळाला घट्ट बसवा. सगळे नळ बंद ठेवून काटा वाचा, मग दुसरा एखादा नळ पूर्ण उघडा आणि काट्याकडे बघत राहा. बंद असताना दीड किलो दाखवणारा काटा दुसरा नळ उघडताच धाडकन पाव किलोवर आला, तर दाब पुरेसा आहे पण मागे कुठेतरी पाइप कोंदला आहे किंवा एखादा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. अशा घरात पंप लावणं म्हणजे पैसे वाया. बंद असतानाच काटा ०.३ किलोच्या खाली असेल, तरच दाब कमी आहे असं म्हणावं.

तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप असेल तर कोंदण्याचं कारण बहुधा गंजच. अर्ध्या इंची पाइपाचा एल्बो उघडून पाहिला तर आतून तांबड्या-काळ्या गंजाच्या गाठी चढलेल्या असतात आणि पाणी जायला पेन्सिलीएवढं भोक उरलेलं असतं. हा गंज धुऊन जात नाही. पाइप बदलावाच लागतो. गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप वापरा. पांढरा किंवा राखाडी साधा यूपीव्हीसी गीझरच्या लाईनला चालत नाही, तो उष्णतेने मऊ पडून सांध्यात सुटतो.

गच्चीवर काय पाहायचं

टाकीतून निघणाऱ्या तुमच्या लाईनचा गेट व्हॉल्व्ह आधी पाहा. जुन्या पितळी व्हॉल्व्हची आतली पट्टी दांड्यापासून सुटते. चाक फिरतं, पण पट्टी खालीच राहते. व्हॉल्व्हनंतर लगेच एक उभा पाइप वर गेलेला असतो, त्याचं तोंड टाकीच्या पाण्यापेक्षा उंच आणि उघडं. हा हवेचा पाइप. पाणी सांडतं म्हणून किंवा कावळा बसतो म्हणून कुणीतरी त्याला बूच मारतं, आणि मग खालच्या मजल्यांवर नळ उघडले की वरच्या फ्लॅटच्या लाईनमध्ये पोकळी तयार होऊन धार तुटते. बूच काढा आणि तोंडाला डासांची जाळी बांधा.

टाकी रिकामी झाली किंवा धुतली, की वरच्या मजल्यांवर गरम लाईनमध्ये हवा अडकते. नळ फुसफुसतो, दोन थेंब देतो आणि थांबतो. घरातले बाकी नळ बंद करून सगळ्यात खालच्या पातळीचा गरम नळ पाच मिनिटं पूर्ण उघडा ठेवा. तरी हवा निघाली नाही, तर गीझर बंद आणि आतलं पाणी गार असताना त्याच्या गरम बाजूचा जोडपाइप थोडा सैल करा, हवा तिथून सुटते.

पंप लावायचाच असेल तर तो गच्चीतल्या टाकीच्या लाईनवर, सोसायटीला विचारून लावा. महापालिकेच्या लाईनला थेट मोटर जोडणं बेकायदा आहे आणि पालिका अशा मोटरी जप्त करतात. शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं हे एक झालं. त्याहून वाईट म्हणजे रिकाम्या होत आलेल्या लाईनमध्ये ओढ निर्माण होते आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत येतं. घरासाठी अर्धा अश्वशक्तीचा, नळ उघडला की आपोआप सुरू होणारा प्रेशर पंप पुरे होतो. तो दीड-दोन किलो दाब देतो. पंपामागचा पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक नसावा. आणि गार व गरम दोन्ही लाईन पंपावरच घ्या. फक्त गार लाईनला पंप दिला तर मिक्सरमध्ये गार पाणी गरम पाण्याला मागे रेटतं आणि गीझर पूर्ण तापलेला असूनही शॉवरखाली कुडकुडावं लागतं.

उलट अडचण उंच टॉवरच्या खालच्या मजल्यांवर असते. २२ मजले म्हणजे ६५-७० मीटर, म्हणजे साडेसहा-सात किलो. गीझरवरच्या माहितीच्या पट्टीवर कमाल दाब छापलेला असतो. ०.८ मेगापास्कल म्हणजे ८ किलो, ०.६५ म्हणजे साडेसहा. ०.६५ चा गीझर अशा घरात बसवू नये. मजल्यावर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह असेल, तर तो अडीच-तीन किलोवर ठेवायला सोसायटीला सांगा.

गीझरच्या तोंडाशी बसलेला छोटा व्हॉल्व्ह

गार पाणी आत जातं त्या जागी पितळेचा, बोटभर लांबीचा एक व्हॉल्व्ह असतो. त्याला एक छोटी दांडी किंवा चकती आणि बाजूला एक बारीक नळी असते. सगळ्या गीझरमध्ये हा भाग सगळ्यात दुर्लक्षित, आणि जिवाशी त्याचाच संबंध सगळ्यात जास्त.

तो दोन कामं करतो. एक, आत गेलेलं पाणी मागे जाऊ देत नाही. तो नसेल तर टाकी रिकामी झाल्यावर गीझरमधलं पाणी उलट खाली ओढलं जातं, कॉइल उघडी पडते आणि कोरडी तापून फुटते. दुसरं, आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तो पाणी बाहेर सोडतो. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की सुमारे दीड टक्का फुगतं. १५ लिटरच्या गीझरमध्ये हे सव्वादोनशे मिलिलिटर होतं. मागे जायला वाट नाही, नळ बंद आहे, मग हे पाणी या नळीतून थेंबाथेंबाने बाहेर पडतं. म्हणजे तापताना पेलाभर पाणी ठिबकलं तर गीझर ठीक चालू आहे. बाथरूम ओलं होतं म्हणून या नळीला एमसीलने किंवा स्क्रूने बूच मारू नका. बूच मारलेल्या गीझरमध्ये थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) अडकला, तर दाबाला बाहेर पडायला टाकी फाडण्याशिवाय वाट उरत नाही. नळीला पारदर्शक पाइप जोडून तो उतारावरच मोरीपर्यंत आणा.

दर सहा महिन्यांनी गीझर गार असताना दांडी उचला. पाणी भसकन आलं पाहिजे आणि सोडल्यावर थांबलं पाहिजे. आलंच नाही, तर व्हॉल्व्ह क्षाराने जाम झालाय, तो बदला. गीझर बंद असतानाही दिवसभर ठिबकत असेल तर तीन शक्यता. बैठकीत कण अडकला असेल, तेव्हा दांडी दोन-तीनदा उचलून-सोडून पाणी जोरात जाऊ द्या. लाईनचाच दाब जास्त असेल, तेव्हा गेज लावून पाहा. नाहीतर स्प्रिंग गेली. नवा व्हॉल्व्ह घेताना जुना सोबत न्या आणि त्यावरचा दाबाचा आकडा जुळवा. व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्यामध्ये दुसरा कोणताही कॉक नसावा. अँगल कॉक लावायचा तो व्हॉल्व्हच्या आधी.

गरम बाजूची धार बारीक असण्याचं कारणही अनेकदा हाच व्हॉल्व्ह असतो. खात्री करायला गीझर बंद करून पाणी गार होऊ द्या आणि अँगल कॉक बंद करा. जोडपाइप व्हॉल्व्हच्या टोकाला सोडवून बादलीत धरा आणि कॉक उघडा. इथे धार चांगली असेल तर पाइप जोडा, गरम बाजूचा जोडपाइप मिक्सरकडच्या टोकाला सोडवा आणि पुन्हा मोजा. पहिल्या ठिकाणी जोर आणि दुसऱ्या ठिकाणी बारीक, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा गीझरचा बाहेर जाणारा पाइप क्षाराने भरला. दोन्हीकडे जोर असेल तर मिक्सरचं कार्ट्रिज (दांड्याखालचा, पाणी सोडणारा आतला भाग) बघा.

क्षार कुठून येतो आणि कसा काढायचा

मुंबईला तलावांचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी पुरवलं जातं. ते पावसाचं साठवलेलं पाणी, त्यात क्षार कमी. पण शहराच्या कडेच्या सोसायट्या टँकरवर आणि बोअरवर चालतात, आणि गीझर तिथेच लवकर मरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं म्हटलंय. ६०० चं पाणी पिण्याला चालेल, पण गीझरची ते दोन वर्षांत वाट लावू शकतं. पाणी तापलं की त्यातला चुना सुटून कॉइलवर बसतो. ६० अंशांच्या वर हे फार वेगाने होतं. म्हणून जड पाण्याच्या घरात थर्मोस्टॅट ७५ वर ठेवू नका, ५५ ते ६० पुरे. ६० अंशांच्या पाण्याने पाच-सहा सेकंदांत भाजतं, हेही लक्षात असू द्या. लहान मुलांच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. १५ लिटरचा २ किलोवॉटचा गीझर २० वरून ६० अंशांवर यायला २१-२२ मिनिटं घेतो, २५ लिटरचा ३५ मिनिटं. यापेक्षा बराच जास्त वेळ लागू लागला, तर कॉइलवर थर आहे. तापताना आतून चुलीवरच्या भगुल्यासारखी सूं-सूं किंवा कडकड ऐकू येते, तीही थराखाली अडकलेल्या वाफेची.

जड पाण्याच्या घरात वर्षातून एकदा, टँकरच्या पाण्याला सहा महिन्यांनी, टाकी उघडून साफ करावी. वॉरंटीत असेल तर कंपनीचाच माणूस बोलवा, नाहीतर वॉरंटी जाते. पण समोर उभं राहून मॅग्नेशियमचा रॉड (टाकीला गंजापासून वाचवणारा आतला दांडा) बघायला मागा. स्वतः करायचं असेल तर असं:

१. भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. एमसीबी पाडा, १६ अँपिअरचा प्लग काढा. गरम नळ सोडून सगळं गरम पाणी जाऊ द्या.

२. अँगल कॉक बंद करा, गरम नळ उघडाच ठेवा म्हणजे हवा आत जाईल. व्हॉल्व्हची दांडी उचलून किंवा तळाचा ड्रेन बोल्ट काढून टाकी रिकामी करा.

३. खालचं झाकण उघडा. वायरींचा फोटो काढा, मगच त्या सोडवा. थर्मोस्टॅट आपल्या नळीतून सरळ खाली ओढून काढा.

४. कॉइल धरून ठेवणाऱ्या तळाच्या पट्टीचे (फ्लँजचे) नट समोरासमोरचे असे आलटून-पालटून सैल करा. खाली घमेलं धरा. उरलेल्या लिटर-दोन लिटर पाण्याबरोबर पोह्यांसारखे पांढरे पापुद्रे पडतात. ते मूठ-दोन मूठ निघाले तर वेळेवर उघडलं म्हणायचं.

५. मॅग्नेशियमचा रॉड वेगळा काढा. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून कॉइल तासभर बुडवा, टर्मिनल पाण्याबाहेर राहतील अशा बेताने. फेस यायचा थांबला की ताजं पाणी करा. टॉयलेटचं अॅसिड कधीही वापरू नका, ते थराबरोबर कॉइलची कातडीही खातं.

६. टाकीतला गाळ हाताने आणि प्लास्टिकच्या ब्रशने काढा. तारेचा ब्रश काचेच्या अस्तराला चरे पाडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

आता रॉड. टाकीचं पोलाद गंजू नये म्हणून हा मॅग्नेशियमचा दांडा आधी स्वतः विरघळतो. नवा असताना तो बोटाएवढा जाड, गुळगुळीत असतो. काही महिन्यांनी तो उसाच्या चोथ्यासारखा खरबरीत होतो आणि शेवटी मधली पोलादी तार उघडी पडते. जाडी अर्ध्याच्या खाली आली की बदला. तार दिसेपर्यंत थांबू नका, कारण त्यानंतर टाकीच खर्ची पडते. गीझरच्या तळातून तांबडं पाणी झिरपू लागलं, म्हणजे ती वेळ निघून गेली. फुटलेली टाकी जोडून टिकत नाही. बोअरच्या पाण्याला गरम बाजूने कुजक्या अंड्याचा वास येत असेल, तर पाण्यातले जीवाणू आणि मॅग्नेशियम मिळून तो तयार करतात. गीझर ६० अंशांवर तापवून सगळं पाणी सोडून द्या. वास परत आला तर अॅल्युमिनियम-जस्ताचा रॉड बसवा.

शॉकची तपासणी

पट्टी उघडलीच आहे तर मल्टिमीटरने कॉइल मोजा. २ किलोवॉटच्या कॉइलचा रोध साधारण २६ ओहम, ३ किलोवॉटचा १७-१८. काटा हललाच नाही तर कॉइल तुटली. मग एक टोक टर्मिनलवर आणि दुसरं कॉइलच्या धातूच्या कातडीवर लावा. इथे काहीही आकडा दिसता कामा नये. दिसला तर कातडीला तडा आहे आणि पाण्यात वीज उतरते. अशी कॉइल एक दिवसही वापरू नका. घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारं बटण) असावं, आणि त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून ते पडतं का ते बघावं. गीझर लावला की आरसीसीबी पडतं म्हणून ते काढून टाकणारे लोक आहेत. ते पडतं म्हणूनच माणूस वाचतो. एमसीबी मात्र हे काम करत नाही, तो जास्त करंटला पडतो, गळतीला नाही.

इन्स्टंट आणि गॅस

३ लिटरच्या ३ किलोवॉट इन्स्टंट गीझरमधून मिनिटाला दोन लिटरच्या आसपासच पाणी २० अंशांनी तापून येतं. नळ पूर्ण उघडला की पाणी कोमट होतं, ते बिघाडाने नाही. थंडीत गार पाणी २० च्या खाली गेलं की ते आणखी कोमट वाटतं. शॉवरला हा गीझर घेऊ नये.

गॅस गीझरमध्ये पाण्याचा दाब एका रबरी पडद्याला ढकलतो आणि तो पडदा गॅस सोडतो. दाब अपुरा असेल तर चट्-चट् ठिणगी पडते पण पेट घेत नाही. ठिणगीच नसेल तर दोन मोठे सेल बदला. पेटून लगेच विझत असेल तर आत येणाऱ्या पाण्याची जाळी धुवा. हा गीझर बंद बाथरूममध्ये कधीही लावू नका. जळताना तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. तो बाल्कनीत, मोकळ्या हवेत हवा.

परत जोडताना

पट्टीखालचं रबरी गॅस्केट जुनं घालू नका, नवंच घाला. नट आधी हाताने, मग पान्याने समोरासमोरचे, पाव-पाव वळसा देत आवळा. एकच नट घट्ट केला की गॅस्केट तिरपं बसतं. आटे असलेल्या सांध्याला टेफ्लॉन टेप घड्याळाच्या दिशेने दहा-बारा वेढे. जोडपाइपाच्या ज्या टोकाला रबरी वायसर असतं, तिथे टेप लावायचा नाही.

मग गरम नळ उघडा ठेवून अँगल कॉक अर्धा उघडा. नळातून हवा फुसफुसत बाहेर येईल, मग धार तुटकतुटक येईल. ती सलग झाली की टाकी भरली. त्याआधी वीज लावली तर नवी कॉइलही पहिल्या मिनिटात जाते. नळ बंद करून गीझरखाली रद्दी पेपर अंथरा आणि अर्धा तास तसाच राहू द्या. पेपर कोरडा राहिला तर प्लग लावा आणि एकदा पूर्ण तापू द्या. तापल्यावर पितळी व्हॉल्व्हच्या नळीतून थेंब पडताना दिसले पाहिजेत. पाणी गार झालं की पट्टीचे नट पुन्हा एकदा पाव वळसा आवळून घ्या, कारण नवं गॅस्केट पहिल्या तापण्यात थोडं बसतं.